वाचकांचे प्रश्न : गॅरेजमधल्या इंटरलॉकिंग प्लॅस्टिक टाइल्स

घरदुरुस्तीच्या या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा येतो आहे, तो म्हणजे गॅरेजच्या कोब्यावर एकमेकींत अडकवून बसवायच्या प्लॅस्टिकच्या टाइल्स. सिमेंट नको, गवंडी नको, चिकटवायचे नाही आणि हवे तेव्हा उचलता येते, ही या टाइल्सची खरी सोय आहे. मात्र पत्रांतल्या बहुतेक तक्रारी टाइलच्या नसून तिच्या खालच्या जमिनीच्या आहेत, हे वाचताना सतत जाणवत होते. म्हणून हे पूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला पॉलिप्रॉपिलीनचा : कडक, बारा ते अठरा मिलिमीटर जाड, खालून जाळीदार पायांवर उभा राहणारा, वरचा पृष्ठभाग बंद किंवा पाणी खाली जाईल असा जाळीचा, एका बाजूला कडी आणि दुसऱ्या बाजूला खुंटी असलेला. दुसरा पीव्हीसीचा : मऊ, पाच ते दहा मिलिमीटर जाड, जमिनीवर पूर्ण टेकणारा आणि कडेच्या दात्यांनी शेजारच्या टाइलमध्ये गुंतणारा. खालच्या उत्तरांत त्यांना अनुक्रमे ‘कडक टाइल’ आणि ‘मऊ टाइल’ असे म्हटले आहे.

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या बंद गॅरेजची लांबी १८ फूट आणि रुंदी १० फूट आहे. पुढे रोलिंग शटर आहे. सिमेंटचा जुना कोबा आता धूळ सोडतो, दोन ठिकाणी खपल्या उडाल्या आहेत आणि मधून एक भेग गेली आहे. गवंडी म्हणतो, कोबा फोडून नवा घाला; दुकानदार म्हणतो, १८० टाइल्स घ्या आणि रविवारी घरच्या घरी बसवा. कोणाचे ऐकावे? आणि बसवायच्या झाल्या तर कशा? (एक वाचक, नाशिक)

आधी जमीन तपासा, मग कोणाचे ऐकायचे ते आपोआप ठरेल. भेगेच्या दोन्ही कडा एकाच पातळीत आहेत का, ते बोट फिरवून पाहा. एक कड वर आणि दुसरी खाली असेल, किंवा हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर कोबा पोकळ वाजत असेल, तर खालचा भराव बसला आहे आणि गवंड्याचे म्हणणे बरोबर आहे. त्यावर टाइल टाकली तर ती पोकळीवर अधांतरी राहील आणि चाकाच्या वजनाने तिच्या खुंट्या तुटतील. भेग केसासारखी असून कडा सारख्या असतील, तर कोबा फोडण्याची गरज नाही. सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी-उभी ठेवून पाहा, आणि पट्टीखाली पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसेल तिथला खड्डा पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने भरून घ्या. खपल्यांच्या जागाही त्याच मसाल्याने भराव्यात. धूळ सोडणाऱ्या कोब्यावर फ्लोअर हार्डनरचा हात दिला तर चांगलेच, कारण टाइलखाली धूळ सुटत राहिली की चाकाच्या दाबाने ती बारीक वाळूसारखी जमीन घासत राहते.

यानंतरची तपासणी ओलाव्याची, आणि ती बहुतेक जण टाळतात. दीड फूट लांब आणि दीड फूट रुंद असा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन तो चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला घट्ट बंद करावा आणि किमान १६ तास तसाच ठेवावा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव धरले किंवा खालचा कोबा गडद झाला, तर जमिनीतून ओल वर येते आहे. ही तपासणी मे महिन्यात करून समाधान मानू नये. भाद्रपदात, जमीन पुरती भिजलेली असताना केलेलीच खरी. ओल निघाली तर मऊ टाइल घेऊ नका. ती जमिनीला सपाट टेकते, त्यामुळे वाफेला बाहेर पडायला वाट राहत नाही. कालांतराने खाली पांढरा खार फुटतो, कुबट वास येतो आणि टाइलच्या सांध्यांतून तो खार वर डोकावू लागतो. कडक टाइल पायांवर उभी असल्याने तिच्या खालून हवा खेळते, म्हणून थोडी ओल असलेल्या जमिनीवर तीच योग्य. पाणी झिरपतच असेल, तर मात्र आधी बाहेरचा निचरा दुरुस्त करावा लागेल; त्याला टाइल हा उपाय नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे पाहायलाच हवी. भिंत आणि कोबा मिळतात त्या कडेने आणि भेगेच्या आसपास वाळवीच्या मातीच्या नळ्या आहेत का, ते बॅटरी घेऊन नीट बघा. उघड्या कोब्यावर अशी नळी दिसते आणि लगेच बंदोबस्त करता येतो. टाइलखाली ती महिनोन् महिने लपून राहते, आणि पत्ता लागतो तो लाकडी फळीचा भुगा झाल्यावर.

जमीन ठीक निघाली, तर मांडणीकडे वळू. दुकानदाराचा हिशेब मात्र चुकला आहे. समजा टाइल ३० सेंटिमीटरची आहे. तुमची रुंदी १० फूट म्हणजे जवळजवळ ३०५ सेंटिमीटर. एका भिंतीपासून पूर्ण टाइल्स लावत गेलात, तर दहा टाइल्सनंतर पाच सेंटिमीटरची पट्टी उरेल आणि दोन्ही भिंतींशी फट सोडायची म्हटले तर तीही तीनच सेंटिमीटरची. इतकी अरुंद कापलेली पट्टी दिसायला वाईट आणि टिकायला कच्ची. म्हणून मध्ये नऊ पूर्ण टाइल्स घ्या आणि दोन्ही कडांना साधारण १६ सेंटिमीटरच्या पट्ट्या कापून लावा. प्रत्येक पट्टी अर्ध्या टाइलपेक्षा मोठी असल्याने एका टाइलमधून एकच निघते, म्हणजे एका ओळीला ११ टाइल्स लागतात. अशा १८ ओळींना १९८ टाइल्स झाल्या. नुसत्या क्षेत्रफळाने भागाकार केला तर १८६ येतात. कापताना चुकण्यासाठी आणि पुढे बदलण्यासाठी दहा-बारा जादा धरून २१० टाइल्स एकाच वेळी घ्याव्यात, कारण वर्षभराने त्याच रंगाची छटा आणि त्याच मापाची खुंटी मिळेलच असे नाही.

खोकी आदल्या रात्री गॅरेजमध्येच उघडून ठेवा, म्हणजे टाइल्स तिथल्या तापमानाला येतील. सुरुवात शटरच्या बाजूने करावी. पहिली ओळ अशी ठेवा की कड्या शटरकडे येतील, म्हणजे पुढे उताराची पट्टी (टाइलच्या उंचीवरून जमिनीपर्यंत उतरत जाणारी कडेची पट्टी) त्यांत बसेल; मात्र आपण निवडलेल्या कंपनीच्या उताराच्या पट्टीला कडी आहे की खुंटी, ते आधी हातात घेऊन पाहा. गॅरेजच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. म्हणून भिंतीवर विसंबू नका. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजून कर्ण बरोबर पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवा आणि त्या दोऱ्यांना धरून एल आकारात दोन ओळी लावा. एवढे झाले की मधला भाग भरभर भरत जातो. टाइल तिरकी धरून ढकलू नये. सपाट ठेवून सांध्यांवरच्या खुंट्या टाचेने किंवा रबरी हातोड्याने दाबाव्यात. प्रत्येक खुंटी बसताना ‘टक’ असा स्पष्ट आवाज येतो. आवाज आला नाही ती जागा लगेच पुन्हा दाबावी, कारण शेजारची ओळ लागल्यावर ती सापडत नाही. कापण्यासाठी जिगसॉ वापरा, मोठ्या दात्यांचे पाते लावा आणि वेग कमी ठेवा. वेगाने कापले तर प्लॅस्टिक वितळून पात्यामागे पुन्हा चिकटते.

भिंतींशी सगळीकडून एक सेंटिमीटरची फट सोडा. फट कायम राहावी म्हणून लावताना मधे लाकडाचे तुकडे ठेवा आणि शेवटी आठवणीने काढून घ्या. वरून पट्टी लावून फट झाकायची असेल तर ती पट्टी भिंतीला ठोकावी, टाइलला कधीही नाही.

आता शटर. आपल्याकडच्या रोलिंग शटरची कडी किंवा बोल्ट बहुधा जमिनीत गाडलेल्या लोखंडी खाचेत उतरतो. शटरच्या रेषेवर पंधरा मिलिमीटरची टाइल आली, तर बोल्ट खाचेपर्यंत पोहोचणार नाही आणि कुलूप लागणार नाही. म्हणून उताराची पट्टी शटरच्या आतच संपवा. बाहेरच्या पावसाचे तुषारही मग टाइलखाली शिरणार नाहीत.

प्रश्न : जानेवारीत कारागिराकडून गॅरेजमध्ये कडक टाइल्स बसवून घेतल्या. भिंतीला अगदी चिकटून, एकही फट न ठेवता त्याने सुबक काम केले आणि कडेने सिलिकॉनही भरले. मे महिन्यात मधोमध चार-पाच टाइल्स तंबूसारख्या वर आल्या. त्यांवर पाय दिला की शेजारच्या उठतात. टाइल्स निकृष्ट आहेत का? (एक वाचक, नागपूर)

टाइल्स निकृष्ट असतीलच असे नाही. हा उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा परिणाम आहे. पॉलिप्रॉपिलीन तापमानाच्या प्रत्येक अंशाला आपल्या लांबीच्या साधारण दहा हजाराव्या भागाने वाढते. तुमच्या नागपुरात जानेवारीतल्या सकाळचे आणि मे महिन्यातल्या दुपारचे तापमान यांत ३० अंशांहून अधिक अंतर सहज पडते. वीस फूट, म्हणजे सहा मीटर लांबीच्या फरशीचा हिशेब केला, तर ३० अंशांना ती १८ मिलिमीटरने वाढू पाहते. सिमेंट मात्र याच्या सुमारे दहाव्या भागाइतकेच वाढते. कडी आणि खुंटीमध्ये थोडी सैलाई असते, त्यात यातला काही भाग सामावतो. उरलेल्या वाढीला दोन्ही भिंतींनी अडवले की टाइलला जायला एकच दिशा राहते, ती वरची.

सर्व बाजूंचे सिलिकॉन पात्याने कापून काढा. भिंतीलगतच्या एका लांब आणि एका आखूड बाजूच्या टाइल्स उचलून त्यांच्या कडा एक ते दीड सेंटिमीटरने कापा आणि परत लावा. वर आलेला भाग एका-दोन दिवसांत स्वतःहून खाली बसला नाही, तर उन्हाची वेळ टाळून, सकाळी, तेवढ्या टाइल्स सोडवून पुन्हा दाबा. खुंट्या वाकून पांढऱ्या पडल्या असतील, तर त्या टाइल्स बदला. पांढरी पडलेली खुंटी पुढच्या ताणात तुटते.

एक कारण तुमच्या पत्रात नाही, पण मी अनेक ठिकाणी पाहिले आहे, म्हणून सांगतो. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींशी जड लोखंडी कपाटे टाइल्सवरच ठेवलेली असतात. कडेला फट सोडलेली असूनही मग फरशी सरकू शकत नाही, कारण कपाटांनी तिला दोन्हीकडून दाबून धरलेले असते. एका बाजूची कपाटे थेट कोब्यावर ठेवावीत आणि टाइल त्यांच्या पुढे संपवावी.

थंडीत बसवताना फट मोठी आणि उन्हाळ्यात बसवताना लहान ठेवायची, हा नियम तुमच्या कारागिरालाही सांगा.

प्रश्न : आमचे घर नदीपासून फार लांब नाही. पावसाळ्यात गॅरेजमध्ये दोन-चार इंच पाणी एखाद-दुसऱ्या वेळी येतेच. जाळीच्या टाइल्स घातल्या, तर पाणी खालून वाहून जाईल आणि गाडी कोरडी राहील, असे सांगतात. घालाव्यात का? (एक वाचक, चिपळूण)

तुम्ही २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर पाहिला असणार, म्हणून मी आडपडदा न ठेवता लिहितो. पावसाने ओली झालेली गाडी आत आणली आणि तिचे पाणी निथळले, तर जाळीच्या टाइल्स फार उपयोगाच्या आहेत. पाणी खाली जाते, ढाळ असेल तर बाहेर पडते आणि पाय कोरडे राहतात. बाहेरून आत येणाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असते, त्याची घनता पाण्याच्या नऊ-दशांश भरते. पाणी टाइलच्या उंचीच्या वर गेले की सगळी फरशी एका सलग पत्र्यासारखी तरंगू लागते. गाडीच्या चाकांखालचा भाग दबून राहतो, बाकीचा उचलला जातो आणि दोन्हींच्या सीमेवर खुंट्या तुटतात. मऊ टाइल पाण्याहून जड असल्याने तरंगत नाही, पण तिच्या खाली गाळ शिरतो आणि सुकल्यावर ती गाळावर डुगडुगते.

त्याहून मोठा प्रश्न मागे राहणाऱ्या पाण्याचा आणि गाळाचा आहे. कडक टाइलच्या पायांमधल्या चौकोनांत साचलेले पाणी दिसत नाही, आणि डासाच्या अंड्यापासून डास होण्यास कोकणातल्या हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात. तुमच्या गॅरेजमध्ये बादलीभर पाणी ओतून पाहा. दहा मिनिटांनी ते शटरबाहेर किंवा मोरीकडे गेले नाही, मधेच थबकले, तर आधी ढाळ काढून घ्या. त्याशिवाय जाळीच्या टाइल्स घालू नयेत.

माझा सल्ला असा : पाणी येणाऱ्या गॅरेजला खडबडीत सिमेंट किंवा शहाबादी फरशीच योग्य, कारण ती झाडूने आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुता येते. टाइल्स घालायच्याच असतील, तर गाडीच्या बाजूला उभे राहून काम करण्यापुरती पट्टी घाला, आणि मृगाच्या आधी ती चार-चार टाइल्सच्या तुकड्यांत सोडवून माळ्यावर ठेवा. प्रत्येक तुकड्याच्या मागे मार्करने क्रमांक घातला, की दिवाळीत परत लावणे तासाभराचे काम आहे. पुराचा गाळ काढताना मात्र गमबूट आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय टाइल उचलू नका. लेप्टोस्पायरोसिसचा धोका तुमच्या भागात खरा आहे, आणि अंधाऱ्या, ओल्या फटीत विंचूकाट्याचाही असतोच.

प्रश्न : जुन्या मोटारसायकली दुरुस्त करण्याचा मला छंद आहे. गॅरेजमध्ये पांढऱ्या आणि राखाडी मऊ टाइल्स बुद्धिबळाच्या पटासारख्या लावल्या. सहा महिन्यांत टायरखाली तपकिरी डाग पडले, ते कशानेही निघत नाहीत. साइड स्टँडचेही खड्डे पडले आहेत. आता कडक टाइल्स घ्याव्यात का? वेल्डिंग आणि ग्राइंडरही अधूनमधून वापरतो. (एक वाचक, कोल्हापूर)

तो डाग मळाचा नाही. टायरचे रबर उन्हाने आणि हवेतील ओझोनने तडकू नये म्हणून त्यात काही रसायने घातलेली असतात, ती हळूहळू रबराच्या पृष्ठभागावर येत राहतात. मऊ पीव्हीसीला मऊपणा देणारे जे तेलकट द्रव्य असते, त्याच्यात ही रसायने सहज मुरतात आणि तिथे तपकिरी होतात. डाग टाइलच्या अंगातच उतरलेला असल्याने घासून निघत नाही. थिनर लावलात तर टाइलचा पृष्ठभाग चिकट होईल आणि डाग तिथेच राहील. डागलेल्या टाइल्स कपाटाखालच्या टाइल्सशी अदलाबदल करून वापरा, आणि चाके जिथे रोज उभी राहतात तिथे काळ्या किंवा गडद राखाडी टाइल्स लावा. कडक टाइलमध्ये हे मुरणे होत नाही. तिच्यावरचे टायरचे काळे ओरखडे साबणाच्या पाण्याने निघतात.

खड्ड्यांचे कारण वजनापेक्षा वजन टेकते त्या जागेत आहे. हवेच्या टायरचा जमिनीवरचा दाब साधारणपणे आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. मोटारीच्या टायरमध्ये ३२ पौंड हवा असेल, तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो भार पडतो, मग गाडी लहान असो वा मोठी. मोठ्या गाडीचा टायर फक्त जास्त जागा व्यापतो. हा भार कोणतीही चांगली टाइल सहज पेलते. साइड स्टँडची टोकदार पट्टी, मधल्या स्टँडचे दोन पाय, जॅकची छोटी लोखंडी चाके किंवा जॅक स्टँडचे कोपरे मात्र तेच वजन चार-पाच चौरस सेंटिमीटरवर आणतात. दुकानातल्या माहितीपत्रकावर अमुक टन वजन पेलते असे छापलेले असते, ते सपाट पसरलेल्या भाराचे असते. जॅक स्टँडला ते लावू नये. अठरा मिलिमीटरच्या प्लायचे एक-एक फुटाचे चार तुकडे कापून ठेवा आणि स्टँड, जॅक, सगळे त्यांवर टेकवा. गाडीखाली आडवे होऊन काम करायचे असेल, तर त्या जागेपुरत्या टाइल्स उचलून स्टँड थेट कोब्यावर ठेवणे सर्वांत सुरक्षित.

कडक टाइल्स घेताना तुमच्यासाठी एक अट आहे : जाळीच्या घेऊ नका, बंद पृष्ठभागाच्या घ्या. कार्ब्युरेटर उघडताना सांडलेले पेट्रोल जाळीतून खाली जाते, दिसत नाही, पुसता येत नाही, आणि त्याची वाफ हवेहून जड असल्याने खालच्या पोकळीत रेंगाळते. त्यात ग्राइंडरची ठिणगी पडली तर काय होईल, हे सांगायला नको. बंद टाइलवर सांडलेले पेट्रोल लगेच फडक्याने टिपता येते, पण सांध्यांतून थोडे खाली जाणारच, म्हणून पेट्रोलचे काम पसरट ट्रेमध्ये करा.

वेल्डिंग आणि ग्राइंडिंग दोन्ही प्रकारच्या टाइल्सवर करू नये. पॉलिप्रॉपिलीन १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि ठिणगीचे तापमान त्याच्या कित्येक पट असते. प्रत्येक ठिणगी टाइलवर टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पाडते. पीव्हीसी जळले तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, जी बंद गॅरेजमध्ये घशाला आणि फुप्फुसांना घातक आहे. गॅरेजचा एक कोपरा उघड्या कोब्याचा ठेवा आणि ठिणग्यांचे सगळे काम तिथेच करा. हा कोपरा राखण्यात हलगर्जी नको.

प्रश्न : आम्ही शिकागोजवळ राहतो. हिवाळ्यात गाडीबरोबर बर्फ आणि रस्त्यावरचे मीठ गॅरेजमध्ये येते. काँक्रीटवर रंगासारखा दिलेला एपॉक्सीचा थर दोन वर्षांत टायरखाली उचकटला. शेजाऱ्यांनी जाळीच्या टाइल्स लावल्या आहेत. मीठ खाली साचून काँक्रीट खराब होणार नाही का? (एक वाचक, इलिनॉय, अमेरिका)

शंका रास्त आहे. मीठ खाली जाते आणि तिथेच सुकते, हे खरे. मिठाचे पाणी काँक्रीटच्या रंध्रांत शिरून पुन्हा पुन्हा गोठले आणि वितळले, की वरचा थर पापुद्र्यांनी सुटू लागतो, आणि क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले तर ती गंजते. टाइलमुळे ही क्रिया थांबत नाही. टाइलवरून पाहणाऱ्याला ती फक्त दिसेनाशी होते.

म्हणून क्रम असा ठेवा. एपॉक्सीचे सुटलेले भाग खरवडून काढा आणि काँक्रीटवर सायलेनचा, आत मुरणारा सीलर द्या, कारण तो पापुद्रा न धरता रंध्रांच्या आत पाणी आणि मीठ अडवतो. त्यावर जाळीच्या कडक टाइल्स लावा. तुमच्याकडच्या निवासी बांधकामाच्या आदर्श संहितेनुसार गॅरेजच्या जमिनीला निचऱ्याकडे किंवा मोठ्या दाराकडे ढाळ द्यावा लागतो, म्हणजे वितळलेले पाणी टाइलखालून दाराकडे जाण्याची सोय मुळात असावी. दाराशी उताराची पट्टी लावताना तिच्या खालून पाण्याला वाट राहील अशीच निवडा. एप्रिलमध्ये, शेवटचा बर्फ गेल्यावर, चाकांच्या दोन पट्ट्यांतल्या टाइल्स उचला. खाली पांढरट कुरकुरीत थर, बारीक खडी आणि चाकांनी आणलेला चिखल दिसेल. तो आधी कोरडाच झाडून घ्या आणि मग भरपूर पाण्याने धुवा. आधी पाणी ओतलेत तर मीठ पुन्हा विरघळून काँक्रीटमध्ये जाईल.

तुमच्या हवेत आणखी एक पाहावे लागते. साधे पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या खाली ठिसूळ होते आणि वरून हातोडा पडला तर तडकते. आघात सोसण्यासाठी बनवलेल्या कोपॉलिमरच्या टाइल्स आहेत का, हे खरेदीपूर्वी लेखी विचारून घ्या. आणि गॅसवर चालणारा वॉटर हीटर गॅरेजमध्येच असेल, तर पेट्रोलच्या वाफेबद्दल कोल्हापूरच्या वाचकांना दिलेले उत्तर आपणही वाचावे.

प्रश्न : टाइल्सवर चालताना पोकळ खडखडाट होतो. वरच्या मजल्यावर आईंची खोली आहे, पहाटे गाडी काढताना त्या जाग्या होतात. खाली काही अंथरता येईल का? (एक वाचक, पुणे)

कडक टाइल पायांवर उभी असल्याने आवाज होणारच, पण खडखडाट म्हणजे जमीन असमान आहे. आवाज येणाऱ्या टाइल्स खडूने खुणा करून उचला आणि खालचा खळगा भरा. निम्मा त्रास इथेच जाईल. जमीन कोरडी असेल, तर तीन मिलिमीटरची रबरी चटई किंवा जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरता येते. स्पंज किंवा फोम नको, कारण तो दबतो आणि टाइल चाकाखाली खचून खुंट्यांवर ताण येतो. ओलसर जमिनीवर काहीही अंथरू नये. फक्त आईंच्या खोलीखालची जागा आणि चाकांच्या पट्ट्या एवढ्यापुरत्या मऊ टाइल्स लावणे हाही मार्ग आहे, मात्र दोन प्रकारांच्या जाडीत फरक असल्याने मधे जोडपट्टी लागेल. गाडी उभी असताना जागच्या जागी स्टिअरिंग फिरवण्याची सवयही सोडावी. त्याने टाइल पिळली जाते आणि कालांतराने सांधे सैल होऊन आवाज वाढतो.

प्रश्न : दुकानात एकाच दिसणाऱ्या टाइल्सच्या किमतींत दुपटीचा फरक आहे. चांगली टाइल ओळखायची कशी? आणि रोजची निगा काय घ्यावी? (एक वाचक, सांगली)

वजनकाटा आणि नाक, एवढ्यावर बरेच कळते. एकाच मापाच्या आणि जाडीच्या दोन टाइल्स तोलून पाहा. हलकीत खालच्या पायांची संख्या किंवा जाडी कमी केलेली असते. उलटी करून पाय मोजा. खुंटी अंगठ्याने वाकवा : चांगली खुंटी वाकून परत येते, भेसळीच्या प्लॅस्टिकची पांढरी पडते किंवा तुटते. मऊ टाइलला उग्र वास येत असेल, तर ती न घेतलेली बरी. बंद गॅरेजमध्ये तो वास उन्हाळाभर जात नाही. चार टाइल्स जोडून, सोडवून, पुन्हा जोडून पाहा. दुसऱ्या वेळी खुंट्या सैल वाटल्या, तर दरवर्षी उचलण्याच्या कामाला त्या टिकणार नाहीत.

रोजची निगा म्हणजे झाडणे. पंधरवड्याने साध्या साबणाच्या पाण्याने पुसावे, तेल सांडले तर त्याच दिवशी भुसा टाकून टिपावे. ॲसिड, फिनेलचे तीव्र मिश्रण आणि थिनर वापरू नयेत. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, मोरीकडच्या आणि भिंतीकडेच्या दोन ओळी व चाकांच्या पट्ट्या उचलून पाहा. पहिल्यांदा उचललेल्या टाइलखाली, तिच्या पायांच्या जाळीत, धुळीचे चौकोनी साचे तयार झालेले दिसतील. ते कोरडे आणि भुरभुरीत असतील, तर झाडून घेऊन टाइल्स परत दाबाव्यात. ते ओले आणि चिकट असतील, तर टाइल्स लगेच लावू नका. त्या चार दिवस उन्हात उभ्या ठेवा, कोबा पूर्ण वाळू द्या, आणि ओल भिंतीतून येते, जमिनीतून येते की शटरखालून, ते शोधूनच पुढचे काम करा.